मे महिन्यात पुष्पबागेत या

सुरतेच्या उधन्याहून आलेले ते गृहस्थ दारातच थबकले. चपला बाहेर काढायच्या की घालूनच आत जायचं, ते त्यांना कळेना. मे महिन्याची रणरणती दुपार, फरशी तापलेली. मी म्हटलं, "असेच या आत, इथे कुणी चपला काढत नाही." तरी त्यांनी काढल्याच, आणि भिंतीशी जोडून नीट ठेवल्या.

आत त्यांच्या मुलाचं काम मांडलेलं होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, छातीच्या उंचीवर, शेकडो पांढरे धागे ताणून बांधलेले. लूमवर ताणा असतो तसा ताणा, फक्त लूम नव्हता. गृहस्थ मूळचे खानदेशातले, सगळा जन्म सुरतेच्या लूमवर गेलेला. हात पाठीमागे बांधून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. मग वाकले, डोळे धाग्यांच्या पातळीवर आणले आणि म्हणाले, "तार तुटेल शे."

मुलगा म्हणाला, "राहू द्या दादा." पण तोवर त्यांनी बोट जिभेला लावलं होतं. दोन्ही टोकं शोधली, चिमटीत धरली, एक पीळ दिला आणि गाठ मारून मोकळे झाले. मी नीट बघत होते, तरी गाठ कधी पडली ते मला दिसलं नाही. शिल्लक राहिलेलं टोक त्यांनी दातांनी तोडलं. मग विचारलं, "मशीन कुठं शे?"

"मशीन नाहीच ठेवलं. तेच दाखवायचं होतं."

ते बराच वेळ त्या रिकाम्या टोकाकडे बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग आवाज बी नही."

मुलाने ती गाठ सोडली नाही. पुढचे सगळे दिवस येईल त्याला तो आधी तीच दाखवत होता.

मी चित्रकार नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, दांडिया बाजारातल्या जुन्या घरात वाढले आणि आजही बडोद्यातच राहते. पण परीक्षा आटोपल्या आणि फाइन आर्ट्सचं डिस्प्ले लागलं की मी जाते. लहानपणी आईचं बोट धरून जात असे, आता गुडघ्याला पट्टा बांधून जाते. हा लेख त्या डिस्प्लेसाठी आहे. ते टिकावं म्हणून बडोद्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या मराठी माणसांकडे मी मनापासून हात पसरते आहे.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स पुष्पबागेच्या आवारात आहे. तिथे प्रदर्शनाचं एक दालनही आहे, पण डिस्प्लेच्या दिवसांत अख्खं आवारच दालन होतं. चित्रकलेचे स्टुडिओ, शिल्पकलेचं अंगण, मुद्राचित्रणाची यंत्रं असलेल्या खोल्या, भट्टीजवळची जागा, सगळीकडे कामं लागतात. परीक्षक गुण देऊन जातात आणि मग गाव आत शिरतं. मुंबईचे गॅलरीवाले येतात, विद्यार्थ्यांचे आईबाप येतात, बाजूच्या फॅकल्टीतली मुलं येतात आणि माझ्यासारखे कुणाचेच कुणी नसलेले लोकही येतात. कामाशेजारी ते करणारा विद्यार्थी उभा असतो. त्याला तुम्ही काहीही विचारू शकता. मोठ्या शहरांतल्या वातानुकूलित दालनांत चित्रकार सहसा भेटतो तो उद्घाटनाच्या संध्याकाळी, आणि तेव्हा त्याच्याभोवती गर्दी असते. इथे मात्र एकोणीस-वीस वर्षांचं पोर घामाघूम होऊन आपल्या कामाजवळ थांबलेलं असतं आणि तुम्ही काय म्हणाल याची त्याला खरोखरच काळजी असते.

ही रीत बडोद्याला आभाळातून पडलेली नाही. मालेगावजवळच्या कवळाणा गावातला बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन इथे गादीवर बसला. अक्षरओळखही त्याला इथेच झाली, आणि पुढे त्याच सयाजीराव महाराजांनी आपलं अख्खं संस्थान शाळेत बसवलं. १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० पासून सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं विणलं आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेडोपाडी फिरवली. १८९० मध्ये कलाभवन काढलं. दादासाहेब फाळके तिथे शिकले. त्याच सुमाराला राजा रविवर्म्यांनी महाराजांसाठी चौदा पौराणिक चित्रं काढली. ती थेट राजवाड्यात टांगली गेली नाहीत. आधी बडोद्यात आणि मुंबईत लोकांना दाखवली आणि बघायला झुंबड उडाली. कमाटी बागेतलं म्युझियम आणि चित्रसंग्रह, कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं, हे सगळं याच ओळीतलं. विद्या आणि कला कुलपात ठेवायची नाही, रस्त्यावरच्या माणसाला आत येऊ द्यायचं, हा या शहराचा शिरस्ता महाराजांपासूनचा आहे.

१९४९ साली विद्यापीठ स्थापन झालं, हंसा मेहता पहिल्या कुलगुरू. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, फाइन आर्ट्स सुरू झालं. मार्कंड भट्ट पहिले डीन. चित्रकला विभाग उभा केला नारायण श्रीधर बेंद्रे यांनी, इंदूरच्या मराठी घरातला माणूस. शिल्पकलेला शंखो चौधरी, आणि १९५१ मध्ये शांतिनिकेतनहून के. जी. सुब्रमण्यन आले. चित्रकलेला विद्यापीठाची पदवी मिळते, चित्रकाराने कलेचा इतिहासही वाचायचा असतो, हा विचार तेव्हा आपल्याकडे नवा होता. बेंद्रे आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःसारखं काढायला लावत नसत. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची कामं शेजारी शेजारी ठेवली तर ही सगळी एका गुरूची पोरं आहेत असं कुणी म्हणणार नाही. शिक्षकाला याहून मोठी पावती नाही असं मला, शिक्षिका म्हणून, वाटतं.

१९६१ मध्ये फाइन आर्ट्सचा मेळा सुरू झाला. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून खेळणी, बाहुल्या, मुखवटे, मातीची भांडी करत आणि ती गावाला परवडतील अशा भावात विकत. सुब्रमण्यनांसारखा माणूस लाकडाचे तुकडे, मणी, चामडं जोडून खेळणी करायचा, तीही या मेळ्यासाठीच. सत्तरच्या दशकात आईने मला तिथून एक लाकडी पक्षी घेऊन दिला होता. मण्याचे डोळे, दोरी ओढली की मान हलायची. तो घेताना आईने घासाघीस केली आणि विकणाऱ्या विद्यार्थिनीने ती मनापासून ऐकून घेतली. पुढे दोरी तुटली, एक डोळा गेला, पण पक्षी अजून आमच्या देवघराच्या फळीवर आहे. आमच्या घरात आलेली पहिली कलावस्तू ती. आईने तिला कधी कलावस्तू म्हटलं नाही. ती म्हणायची, "फाइन आर्टचं पाखरू".

या आवारात काय काय करून पाहिलं गेलं ते सांगायलाच हवं, कारण "ही पोरं काहीतरीच करतात" हे वाक्य मी माझ्याच गल्लीत शंभरदा ऐकलं आहे. जेराम पटेलांनी ब्रश बाजूला ठेवून हातात ब्लोटॉर्च घेतला आणि प्लायवूड जाळून चित्रं केली. त्या काळी बघणाऱ्याला काय वाटलं असेल! मृणालिनी मुखर्जी इथे चित्रकला शिकायला आल्या, पुढे सुब्रमण्यनांकडे भित्तिचित्रण शिकल्या आणि तागाच्या दोऱ्यांच्या गाठी मारत मारत माणसापेक्षा उंच मूर्ती उभ्या करू लागल्या. मूर्ती दगडाची किंवा धातूची असते हे गृहीतच त्यांनी सोडून दिलं. ज्या दोरीने आपण गाठोडं बांधतो तीच ती दोरी. भूपेन खख्खर हिशेबनीस. १९६२ मध्ये इथे कलासमीक्षा शिकायला आले, मग अर्धा दिवस जमाखर्च आणि उरलेला वेळ चित्रं, अशी वर्षं काढली. त्यांनी काढली कोणाची चित्रं? घड्याळजी, न्हावी, आपल्या ओळखीच्या बोळांतली माणसं. चित्रात यायला राजा किंवा देवच असावा लागत नाही, आमच्या रावपुऱ्यातला दुकानदारही चालतो, हे आम्हा बडोदेकरांना त्यांनी दाखवलं. आज ही नावं जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. पण सुरुवातीची कामं कुणीतरी पहिल्यांदा बघितली, त्यांच्याकडे बघून भुवया उंचावल्या, हसलंही असेल, आणि तरी ती भिंतीवर राहिली. नसती राहिली तर पुढची झाली नसती.

आमच्या दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, प्रोफेसर माणिकरावांचं. माझे वडील लहानपणी तिथे जात. ते सांगायचे, आखाड्यात पहिलं काम कुस्तीचं नसतं, माती उकरायचं असतं. रोज पहाटे फावड्याने माती खालीवर करायची, खडे वेचायचे, ताक-तेल घालून ती भुसभुशीत ठेवायची. कारण आत येणारा प्रत्येक जण पडणारच. माती घट्ट झाली तर पडणाऱ्याचं हाड मोडतं, आणि एकदा हाड मोडलं की तो पोरगा पुन्हा डाव टाकत नाही, फक्त उभा राहायला शिकतो.

डिस्प्ले ही या मुलांची माती आहे. तिथे पडायची सोय हवी. मी इतकी वर्षं बघते आहे. तिथलं निम्मं काम कच्चं असतं हे मी स्वतः सांगते. काही नुसती नक्कल असते, काहीत धक्का द्यायचा हट्ट दिसतो, काही कामांवर पुस्तकी शब्दांचं एवढं ओझं असतं की चित्र त्याखाली दबून जातं. आणि मग एखाद्या कोपऱ्यात धाग्यांचा एक ताणा भेटतो. तो भेटायचा तर बाकीचं सगळं लागायला हवं. आधीच चाळणी लावून नुसतं उत्तम तेवढंच मांडा म्हटलं, तर चाळणी हातात असलेल्या माणसाला आधीपासून जे ठाऊक आहे तेवढंच उरेल.

ही माती गेली काही वर्षं घट्ट होत चालली आहे. मे २००७ मध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या काही कामांवर बाहेरून आलेल्या लोकांनी आक्षेप घेतला आणि एका विद्यार्थ्याला अटक झाली. दोनच दिवसांनी विद्यार्थ्यांनी कलेतिहास विभागाच्या संग्रहातून आपल्याच परंपरेतल्या शिल्पांची आणि चित्रांची छायाचित्रं काढून एक प्रदर्शन लावलं. ते बंद करा असा आदेश आला. तेव्हाचे प्रभारी डीन शिवाजी पणिक्कर यांनी बंद करायला नकार दिला; ते निलंबित झाले आणि विभागाला सील लागलं. पंधरा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, वर्तमानपत्रांच्या कात्रणांपासून केलेल्या काही कामांचे फोटो मोबाइलवर फिरले. पुन्हा आवारात गदारोळ आणि पुन्हा विद्यार्थ्यावर कारवाई.

त्या कामांची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाही. ती मी समोर उभं राहून पाहिलेली नाहीत, आणि न पाहिलेल्या चित्राबद्दल बोलायचं नाही, हाच तर माझा आग्रह आहे. मला सांगायचं आहे ते नंतर काय झालं त्याबद्दल. नंतरच्या वर्षांत माझ्याशी बोलणाऱ्या मुलांच्या आवाजात एक नवा सूर आला. "हे लावावं की नाही ठरत नव्हतं." "सरांनी काही म्हटलं नाही, मीच काढून टाकलं." "घरून फोन आला, उगाच लफड्यात पडू नकोस." दालनाला कुलूप लावायला फार माणसं लागत नाहीत, पण निदान ते लावलेलं दिसतं तरी. विद्यार्थ्याने रात्री एकट्याने भिंतीवरून उतरवून पलंगाखाली सरकवलेलं काम कुणालाच दिसत नाही. त्याचा पंचनामा होत नाही, त्यासाठी निषेधाची सभा भरत नाही. दुसऱ्या दिवशी आपण डिस्प्ले बघायला जातो, फुलं, निसर्ग, धूसर रंगाचे छान चौकोन बघतो, "यंदा बरं होतं हो" म्हणतो आणि सेव-उसळ खाऊन घरी येतो. असं दालन मोडकळीला आलेलं नसतं, पंखे चालू असतात, दिवे लागतात, पण ज्यासाठी ते होतं ते काम तिथे होत नसतं.

आता दुसरी बाजू. चित्राने कुणाचं मन दुखावत नाही असं मी म्हणणार नाही. माझंच दुखावलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलीने विधवेच्या कपाळाची एक मालिका केली होती. कपाळं आणि फक्त कपाळं, कुंकू पुसल्यावर राहणाऱ्या फिकट डागासकट. माझे वडील जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. आईला घेऊन मी गेले होते, आणि ती चित्रं बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाच्या दुःखाचं असं प्रदर्शन मांडायचं? मी त्या मुलीला चार शब्द सुनावणार, एवढ्यात आईच तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "डाग इतका गोल नसतो गं. आमच्या पिढीत तरी नाही. आम्ही बोटाने लावायचो, खाली जरा ओघळ असायचा." मुलगी एकदम रडायला लागली. ती मालिका तिच्या आजीची होती, आणि आजीला ती कधी विचारू शकली नव्हती. दोघी तिथल्या बाकावर तासभर बसल्या. मी उन्हात रिक्षा थांबवून ठेवली होती. रिक्षावालाही अखेर आत येऊन बसला.

त्या दिवशी मी फोटो काढून दहा जणांना पाठवला असता (तेव्हा तशी सोय नव्हती म्हणून बरं), तर त्या मुलीचं काय झालं असतं आणि माझ्या आईचं काय राहून गेलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते. फोटोत फक्त पुसलेली कपाळं दिसली असती. बाकावरचा तास फोटोत येत नाही.

म्हणून माझं मागणं. बडोद्यातल्या मराठी माणसांना पहिल्यांदा. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो, गणपती बसवतो, नाटकं करतो, २०१८ साली साहित्य संमेलनही इथे थाटात झालं. पण पुष्पबाग आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर असून आपल्यातले कितीजण आत गेले आहेत? नवरात्रात फाइन आर्ट्सचा गरबा बघायला जातो, मग मे महिन्यातच का नाही? महिला मंडळांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी, भजनी मंडळांनीसुद्धा एक संध्याकाळ ठरवावी आणि वीस-पंचवीसजणांनी मिळून जावं. ज्या दालनात रोज शंभर शेजारी येऊन जातात त्याला धक्का लावताना कुणीही दोनदा विचार करतं. ज्या दालनात कुणीच फिरकत नाही, ते बंद झालं तरी गावाला पत्ता लागत नाही.

आत गेल्यावर एवढं करा. फोन खिशात ठेवा आणि आधी बघा. कळलं नाही तर तिथे उभ्या असलेल्या मुलाला विचारा, "बाळा, हे काय केलं आहेस?" मराठीत विचारा, गुजरातीत विचारा, हिंदीत विचारा, केरळचं पोरगं असलं तरी ते खुणांनी का होईना सांगेल. आवडलं नाही तर तेही सांगा, अगदी रोखठोक सांगा. वाईट वाटलं, राग आला, तर आधी त्या विद्यार्थ्याला, मग त्याच्या शिक्षकांना, मग विभागाला लेखी. आखाड्यात एखाद्याचा डाव चुकीचा लागला तर आधी वस्तादाकडे जायचं असतं. वस्तादाला ओलांडून रस्त्यावर गेलेलं भांडण मग आखाड्याचं राहत नाही.

ज्यांची मुलं तिथे शिकतात त्या आईवडिलांना हात जोडून सांगते, तुम्ही या. लेकरू काय करतं हे तुम्हाला समजणार नाही अशी भीती बाळगू नका. उधन्याहून आलेल्या त्या गृहस्थांना कलेतलं काय कळत होतं? त्यांना धागा कळत होता. तुम्हाला शेत कळत असेल, शिवण कळत असेल, गवंडीकाम कळत असेल. तुमच्याइतकं नेमकं त्या कामाबद्दल कुणी परीक्षक बोलू शकणार नाही. आणि मुलाला घरून जायचा फोन "लफड्यात पडू नकोस" असा नको, "मी कधी येऊ बघायला?" असा हवा.

महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांच्या शिक्षकांना आणि शाळांमधल्या चित्रकला शिक्षकांना माझी खास विनंती आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलांना बसवण्यासाठी तुम्ही उन्हातान्हात धावपळ करता. त्यातल्या चार मुलांना घेऊन एकदा बडोद्याला या. मुंबईहून सकाळच्या गाडीने निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं. वस्तुचित्र आणि संकल्पचित्र यांच्या पलीकडे काय असतं ते त्यांना पुस्तकातून दिसणार नाही. आणि परत गेल्यावर आपापल्या गावात, आपापल्या महाविद्यालयात एक तरी खोली अशी मागा, जिथे विद्यार्थ्याचं अर्धवट काम लागेल आणि गावातला माणूस ते फुकट बघू शकेल. बहुतेक ठिकाणी ती खोली असते. तिच्यात मोडकी बाकं आणि जुन्या उत्तरपत्रिका भरलेल्या असतात.

माजी विद्यार्थ्यांवर माझा सगळ्यात मोठा भरवसा आहे. देशात आणि परदेशात तुमची कामं लाखांनी विकली जातात याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण डिस्प्लेच्या त्या आठवड्यात तुमच्यापैकी दहा-बाराजण जरी आवारात हजर असले, रोज थोडा वेळ मुलांच्या शेजारी नुसते उभे राहिले, तर त्यांच्या पाठीत बळ येईल. तुमची पहिली कामं याच भिंतींवर होती. खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवलेली दिसतात, त्यातलं एखादं तुमचं असेल.

आणि विद्यापीठाकडे आपण सगळ्यांनी मिळून, आपापल्या नावाने आणि सहीने, साध्या शब्दांत पत्र लिहू या. डिस्प्लेच्या तारखा आधी जाहीर व्हाव्यात. ते नागरिकांसाठी खुलं राहावं. तक्रार आली तर ती लेखी घ्यावी, आणि काम उतरवण्याआधी ते करणाऱ्या विद्यार्थ्याचं आणि त्याच्या शिक्षकाचं म्हणणं ऐकावं. रातोरात काही काढलं जाऊ नये. विद्यार्थ्यावर संकट आलं तर विद्यापीठ त्याचं पालक आहे, हे त्याला आधीच माहीत असावं. यात कुणाविरुद्ध काही नाही. उत्तरपत्रिका तपासताना मी गणित चुकलेल्या मुलाचेही पायऱ्यांचे गुण देत आले, कारण उत्तर चुकलं तरी विचार कुठवर आला होता ते पाहायचं असतं. विद्यापीठाकडे आम्ही तेवढंच मागतो आहोत.

पत्रं टपालाने पाठवा. छापील नमुन्यावर नुसती सही नको. स्वतः काय पाहिलंत त्याच्या दोन ओळी लिहा. माझं पत्र तयार आहे. त्यात मी त्या तुटलेल्या तारेबद्दल लिहिलं आहे.

दुपारी ऊन फार असतं, चारनंतर या. पाण्याची बाटली बरोबर ठेवा. आवारात झाडं आहेत, दमलात तर सावलीत बसता येतं. आणि येताना कुणाला तरी घेऊन या, ज्याने आजवर एकही चित्रप्रदर्शन पाहिलेलं नाही. तो दारात थबकला तर त्याला सांगा, असाच ये आत.